सहा लाखांत जुनी वेगवान गाडी: कोणती घ्यावी, आणि आधी काय बदलावे?

घाटमार्ग:

नमस्कार. इथे बरीच वर्षे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी पुण्यात नोकरी करतो, गाव चंदगड तालुक्यात. महिन्यातून एकदा घरी जाणे होते. कोल्हापूरपर्यंत हायवे, पुढे गडहिंग्लज, नेसरी असा रस्ता. घरी पोचलो की आंबोली आणि तिलारी दोन्ही घाट जवळ. लहानपणी मामाकडे पालिओ १.६ होती, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०० अश्वशक्तीची. तिसऱ्या गिअरमध्ये ती आंबोलीचा चढ ज्या आवाजात चढायची, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून अशी एक गाडी हवी आहे, की जी फक्त चालवण्यासाठी बाहेर काढावीशी वाटेल.

बजेट सहा लाख. गाडी, नावावर करणे, इन्शुरन्स आणि पहिल्या वर्षाचे काम, सगळे त्यातच. दोन दारांची खरी स्पोर्ट्स कार या पैशात आपल्याकडे मिळत नाही, आणि मिळाली तरी आई-बाबांना मागे बसवायचे आहे. म्हणून जोरदार हॅचबॅक. डोक्यात पाच नावे आहेत: पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, टियागो जेटीपी आणि फिगो एसचे डिझेल.

घेतल्यावर रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचे सेटिंग बदलून ताकद वाढवणे), फ्री-फ्लो म्हणजे धूर कमी अडवणारा सायलेन्सर, गाडी दीड-दोन इंच खाली घेणे आणि १७ इंची अलॉय करायचा विचार आहे. कोणती गाडी घेऊ, आणि ही कामे कोणत्या क्रमाने करू?

निळी पोलो:

माझ्याकडे २०१५ ची जीटी टीएसआय आहे, त्यामुळे माझे मत तिच्या बाजूला झुकणार हे आधीच सांगतो. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस (म्हणजे जवळपास अश्वशक्तीच), १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. आकडे आज मोठे वाटत नाहीत, पण हा टॉर्क १,५०० आरपीएमपासूनच पायाखाली असतो. कात्रजचा चढ असो की ओव्हरटेक, थांबून वाट बघावी लागत नाही. चाकणची गाडी, २०२२ मध्ये उत्पादन बंद झाले, तरी पार्ट पुण्यात सहज मिळतात.

घेताना गिअरबॉक्सवर लक्ष द्या. तो सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा. तेलात न भिजणारे दोन क्लच असतात, आणि सिग्नलवर इंच-इंच पुढे सरकताना तेच घासतात, तेच तापतात. म्हणून रिकाम्या रस्त्यावरची टेस्ट ड्राइव्ह पुरेशी नाही. गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवा, मग चढावर उभी करून रिव्हर्स टाका. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली किंवा रिव्हर्सला झटका आला तर भाव कितीही चांगला असला तरी सोडून द्या. गिअरबॉक्सच्या मोठ्या कामाचा खर्च तुमच्या बजेटचा मोठा तुकडा खाईल.

तिसरा गिअर:

मी सहा वर्षे ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणांवर घड्याळाशी शर्यत) करते आणि चेन्नई, कोइमतूरच्या ट्रॅकवर जमेल तेव्हा जाते. घाटात जोरात गाडी चालवण्याची हौस मी तिकडे भागवते, हे आधीच स्पष्ट करते. तिलारीच्या वळणावर समोरून गाडी येते, आणि तिथे चूक दुरुस्त करायला जागा नसते.

आता गाडी. तुमच्या यादीत सगळे पीएस बघतात, मी वजन बघते. पोलो जीटी साधारण १,१०० किलो. बलेनो आरएस ९५० किलो, त्यात १ लिटरचे बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस आणि १५० न्यूटन-मीटर. म्हणजे टनामागे पोलोला ९५ पीएस आणि बलेनोला १०७ च्या आसपास. दीडशे किलो कमी म्हणजे दोन मोठी माणसे गाडीतून उतरवल्यासारखे. ब्रेकला कमी थांबवावे लागते, टायरला कमी धरून ठेवावे लागते, आणि हा फायदा प्रत्येक वळणावर मिळतो. शिवाय आरएसला चारही चाकांना डिस्क आहेत आणि गिअर हाताचे. २०१७ ला आली, तीन वर्षांच्या आत गेली. बाहेरून साध्या बलेनोसारखी दिसते म्हणून लोकांनी घेतली नाही.

टियागो जेटीपीही माझ्या फार आवडीची. २०१८ च्या अखेरीस आली, टाटा आणि कोइमतूरच्या जयेमने मिळून केलेली. १.२ टर्बो, ११४ पीएस, वजन हजार किलोच्या जरा वर. सस्पेन्शन, स्टीअरिंग, टायर सगळे कारखान्यातूनच बदललेले, म्हणजे मॉडिफिकेशन करूनच मिळालेली गाडी, तेही आरसीवर काहीही खाडाखोड न करता. फक्त संख्येने कमी आहेत, चांगली शोधायला वेळ लागेल.

फिगो डिझेलचे १०० पीएस आणि २१५ न्यूटन-मीटर हायवेला भारी आहेत, गावी जाण्यासाठी तर उत्तम. पण डिझेलचे वजन पुढच्या चाकांवर येते. घाटासाठी मी तरी पेट्रोल घेईन.

तुमच्या यादीतल्या सुधारणांमध्ये टायरचे नाव नाही. मी असते तर पहिले तेच लिहिले असते.

पाना-पक्कड:

बाळा, मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो, तीस वर्षे झाली. मॉडेलवर तू महिनाभर विचार केलास असे दिसते. आता तो विचार बाजूला ठेव आणि गाड्या बघायला लाग. पाचही बऱ्या आहेत. दहा वर्षे वापरलेल्या गाडीत मॉडेलपेक्षा आधीच्या मालकाचा हात जास्त बोलतो.

बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांग की गाडी चालू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेव, गरम लागले तर परत ये. थंड इंजिन सुरू होताना जे ऐकू येते ते गरम झाल्यावर लपते. सुरू केल्यावर पाच मिनिटे उभ्या गाडीवर चालू दे आणि मग एकदा ॲक्सिलरेटर दे. त्या क्षणी निळा धूर आला तर तेल जळते आहे, व्हॉल्व्ह सील तरी गेलेत किंवा टर्बोचे सील. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातोय. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा हलका थर असतो, त्याला घाबरू नको. तेल साचलेले दिसले तर मात्र घाबर.

मग पत्रा. बोनेटचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट बघ, पाना लागलेला असेल तर कडांचा रंग उडालेला असतो. दाराचे रबर ओढून खालची कडा बघ. कारखान्यातले स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पुट्टी दिसली, तर पिलरपर्यंत मार गेला आहे. बंपर आणि दार बदललेले चालेल, पिलर आणि पुढच्या चासीचे टोक ठोकून सरळ केलेले चालणार नाही. अशी गाडी नंतर कितीही अलाइनमेंट केली तरी एका बाजूला ओढते.

टायरवर चार आकडे असतात. ३४१८ म्हणजे २०१८ चा ३४ वा आठवडा. २०१७ च्या गाडीला २०१७ चेच टायर आणि मीटरवर ८० हजार किलोमीटर दिसले, तर दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी आहे.

आणि सोबत ओबीडी स्कॅनर ने, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा, हजार-दीड हजारात साधा येतो. फॉल्ट कोड नाहीत म्हणून खूश होऊ नको. विकायच्या सकाळी कोड पुसणारे बरेच असतात. त्यातच रेडिनेसचे पान असते. कोड पुसले की गाडी आपल्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. सगळ्या तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर कोणीतरी नुकतेच काहीतरी पुसले आहे.

बदल करण्याबद्दल नंतर लिहितो. एक बोनेट उघडे पडले आहे.

काळा कोट:

कायद्याचे थोडक्यात सांगते, कारण हे बहुतेकांना पोलिसांनी अडवल्यावर कळते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमचा फ्री-फ्लो सायलेन्सर यात सरळ बसतो. आवाजाचा आणि पीयूसीचा प्रश्न त्याहून वेगळा.

ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, त्याच मापाचे चांगले टायर, कंपनीच्या मापाचे शॉकअप, बुश, सीट कव्हर, स्टीअरिंगचे कव्हर, यात अडचण नाही. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला दिलेले चाक बसवणे हा सगळ्यात सुरक्षित मार्ग.

दंडापेक्षा इन्शुरन्स महत्त्वाचा. न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेत आला तर क्लेम अडकतो. गाडीत आई-बाबा बसणार आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

व्यवहारात गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हवे. परिवहनच्या साइटवर प्रलंबित चलाने बघा. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता त्यांच्यापेक्षा जास्त येईल, तो बजेटमध्ये धरा.

बूस्ट:

सगळेच घाबरवत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. टर्बो गाडीत रिमॅपइतका फरक दुसरे काहीच पाडत नाही. पोलोचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरपर्यंत झेलतो, मूळ टॉर्क १७५, म्हणजे मध्ये बरीच जागा आहे. मी रिमॅप केलेली गाडी चार वर्षे चालवतोय. दर साडेसात हजारांना तेल बदलतो, प्लग वेळेवर, पेट्रोल जास्त ऑक्टेनचे. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. चांगल्या ट्यूनरकडे डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करून घेतले, आधीचा आणि नंतरचा आलेख हातात घेतला, तर यात वाईट काहीच नाही.

पाना-पक्कड:

बूस्ट, तुमची गाडी चार वर्षे चालली कारण तुम्ही दर साडेसात हजारांना तेल बदलता. रिमॅप करून पंधरा हजारांपर्यंत तेल ताणणारेही माझ्याकडे येतात. म्हणून माझे भांडण रिमॅपशी नाही, क्रमाशी आहे.

घाटमार्ग, तुझी गाडी येईल तेव्हा तिचे ७०-८० हजार झालेले असतील. म्हणजे काय ते ऐक. चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश चिरलेले, सस्पेन्शनचे लिंक रॉड खडखडणारे, शॉकअपमधले तेल पातळ झालेले, इंजिन माउंटिंग बसलेले, ब्रेक ऑइल काळे. गाडी नवी असताना जी होती त्याच्या पाऊणच उरली आहे, आणि मालकाला ते कळलेले नाही, कारण ते रोज थोडे थोडे गेले. तू त्यावर रिमॅप टाकशील तर गेलेल्या बुशवर जास्त ताकद टाकशील. ॲक्सिलरेटर दिला की स्टीअरिंग एका बाजूला, सोडला की दुसऱ्या बाजूला. मग वाटणार गाडीच खराब आहे. पहिले वर्ष गाडीला जशी कारखान्यातून निघाली तशी करण्यात घाल. वीस-तीस हजारांत तुला नवीन गाडी मिळाल्यासारखी वाटेल, हे मी हमखास सांगतो.

ब्रेक ऑइलचे एक नीट समजून घे. ते हवेतले पाणी ओढते. डॉट ४ ताजे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो. आपल्याकडे चार महिने हवाच ओली. आंबोलीवरून सावंतवाडीकडे उतरताना कोणी सतत ब्रेकवर पाय ठेवला, पॅड दाबणारा कॅलिपर तापला, तेल उकळले, की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. पॅडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. बाहेरचे पॅड, बाहेरच्या डिस्क, लाल कॅलिपर, काहीही लाव, आत जुने तेल असेल तर उपयोग शून्य. दोन वर्षांनी एकदा, आपल्याकडे पावसाळ्याआधी, संपूर्ण बदलायचे. खर्च हजाराच्या आसपास.

गाडी खाली घेण्याबद्दल. रस्त्याच्या कडेला स्प्रिंग कापून देणारे आहेत, त्यांच्याकडे कधीही जाऊ नको. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते. खड्ड्यातून चाक खाली लोंबले की ती आपल्या वाटीतून सैल सुटते, आणि परत बसताना वाकडी बसू शकते. शॉकअप मूळ उंचीसाठी बनवलेला, तो तळाला आपटून सहा महिन्यांत तेल सोडतो. मापाच्या जोडीत आलेल्या स्प्रिंग आणि शॉकअप मिळतात, पण चंदगडच्या रस्त्यावर तुला दीड इंच खाली घेतलेली गाडी आवडणार नाही. गतिरोधक आपल्याकडे कोणत्या मापाने घालतात ते तुला माहीत आहेच.

आणि एक, कोल्ड एअर इन्टेक. फिल्टर खाली बंपरच्या आत नेतात, थंड हवा मिळावी म्हणून. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की तोच फिल्टर पाणी ओढतो. पाणी पिस्टनच्या वर गेले की ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडावे लागते. कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर मी अशी किती इंजिने उघडली ते मोजलेले नाही.

लीड्सकर:

मी इंग्लंडमध्ये आहे, मूळचा सांगलीचा. इथे तुमच्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे माझदा एमएक्स-५. १९८९ मध्ये आलेली, दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी, पहिल्या पिढीची गाडी हजार किलोच्या आत. आपल्याकडे ती कधी विकली गेली नाही, त्यामुळे सल्ला म्हणून नाही सांगत. पण पाना-पक्कड काका जे सांगत आहेत ते इथेही तसेच चालते म्हणून लिहितोय.

माझी दुसऱ्या पिढीची. तीन गाड्या बघितल्या. पहिल्या दोघींना सुंदर चाके, मोठा सायलेन्सर, नवी सीट. खाली वाकून बघितले तर दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांच्या कमानी गंजलेल्या, पुढच्या चासीच्या दांड्यांवर गंज झाकायला काळा रंग मारलेला. तिसरी पूर्ण मूळ स्वरूपात, एका वयस्कर बाईंची, रंग उडालेला, खाली कोरडी ठणठणीत. तीच घेतली. इथे सरकारच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीच्या तपासणीत काय निघाले ते फुकट दिसते, त्यात गंजाची नोंद आधीच सापडली. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढून घ्या.

बसवलेले काय, तर नवीन बुशचा संच, चांगले टायर, आणि छपराच्या पाण्याच्या नळ्या साफ केल्या. गाडी ओळखू येत नाही इतकी बदलली.

घाटमार्ग:

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचे दोन्ही प्रतिसाद प्रिंट काढून गाडीत ठेवले होते.

तीन आठवड्यांत पाच गाड्या बघितल्या.

अबार्थबद्दल सांगायलाच हवे, कारण मन तिच्यावर होते. १.४ टी-जेट, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर, आणि आपल्या रांजणगावची. दरवाजे उघडले तेव्हा हात थरथरत होते. चालवली तर तो हायड्रॉलिक स्टीअरिंगचा जडपणा, रस्ता हातात आल्यासारखा. पण खाली वाकून बघितले तर स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे सपाट कापलेले. रेडिनेसच्या पानावर सगळे अपूर्ण. रिमॅप आहे का विचारले तर मालक म्हणाले, आधीच्या मालकाने केले असेल. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नाही. घरी आलो आणि रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नाही म्हणून कळवले. इतके वाईट फार कमी वेळा वाटले आहे.

एक पोलो जीटी चांगली होती, पण चढावर रिव्हर्स टाकताना निळी पोलो यांनी सांगितलेला झटका आला. दुसऱ्या पोलोचा डावा पिलर रंगवलेला. जेटीपी एकच मिळाली, ती आधीच गेली.

पाचवी गाडी इस्लामपूरजवळ. बलेनो आरएस, २०१७, एकच मालक, निवृत्त शिक्षक. ६३ हजार किलोमीटर, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका पिवळ्या फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावलेल्या. टायर मात्र २०१७ चेच, बाजूंना चिरा. शॉकअप गेलेले. पुढे उजवीकडे खडखड. मागच्या बंपरवर ओरखडा, तो कसा झाला तेही त्यांनी सांगितले. सकाळी सात वाजता गेलो, बोनेट थंड होते. त्यांनी आधी चहा दिला, मग चावी दिली.

४ लाख ३० हजारांना ठरले. या रविवारी सह्या होणार आहेत. पहिल्या वर्षात काय करू, नेमके सांगा.

तिसरा गिअर:

वा! फारच छान निवड. इंजिनबद्दल एक लक्षात ठेवा. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे आत येणाऱ्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही आणि तिथे हळूहळू काजळी बसते. ७०-८० हजारांच्या पुढे सकाळी आयडलिंग अडखळू लागले तर आधी तेच तपासून घ्या.

टायर मूळ १९५/५५ आर१६ च घ्या. १७ चा हट्ट सोडा. मोठे रिम जड असते, आणि चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने खड्ड्यात ते स्वतःच उसळते आणि रस्ता सोडते. समजा कधी माप बदलायचे झालेच, तर आधी चाकाची उंची मोजा. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे २१४.५, त्यात १६ इंचांचे ४०६ मिळवा. साधारण ६२१. नवे माप याच्या एक-दोन टक्क्यांच्या आत नसेल तर स्पीडोमीटर चुकीचे दाखवणार. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळपेक्षा कमी कधीच नको. आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी दोन पैसे जास्त द्या. तुमचा निम्मा रस्ता पावसाचा आहे.

वर्षभरानंतर गाडीवर विश्वास बसला की कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे काही फेऱ्या मारा. वळणात कुठे ब्रेक सोडायचा ते तिथे जितके लवकर कळते तितके रस्त्यावर कळत नाही, आणि कोणाला इजा होत नाही. मग माझ्याबरोबर कोइमतूरला या.

बूस्ट:

अभिनंदन! काकांचे पटले. वर्षभर थांबा, मग रिमॅपचा विषय निघाला तर मी आहेच. युरोपात हेच इंजिन १११ पीएसचे होते, म्हणजे थोडी जागा कंपनीनेच ठेवली आहे. पण इन्शुरन्सला कळवूनच.

पाना-पक्कड:

पिवळी फाइल ऐकून बरे वाटले.

या क्रमाने कर. आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर, मालकाने परवाच बदलले असले तरी. मग ब्रेक ऑइल पूर्ण, पॅड बघून. टायर चार, सुट्टे दोन नाही. शॉकअप पुढचे-मागचे चारही, वरच्या माउंटिंगसकट, कारण ते उघडायची मजुरी एकदाच पडते. लोअर आर्म आणि लिंक रॉड. उजवीकडची खडखड बहुतेक लिंक रॉडची आहे, पण बॉल जॉइंट हलवून बघितल्याशिवाय सांगणार नाही. हे सगळे झाल्यावर अलाइनमेंट, आधी केलीस तर दोनदा पैसे जातील.

पेट्रोलच्या रबरी नळ्या बघायच्या आहेत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते, आणि २०१७ च्या गाडीचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. चिर दिसली तर बदलू, महाग नसतात.

आणि एक सवय लाव. घाट चढून आलास की गाडी लगेच बंद करू नको. मिनिटभर आयडलवर ठेव. टर्बो तापलेला असतो, तेल फिरत राहिले तरच तो थंड होतो.

घाटमार्ग:

मंडळी, सह्या झाल्या, गाडी दारात आहे. बाबांनी नारळ फोडला, आई मागे बसून म्हणाली की तिला पायाला जागा पुरते.

आजवरचा हिशेब असा: गाडी ४ लाख ३० हजार. नावावर करणे आणि इन्शुरन्स ३१ हजार. टायर ३४ हजार. शॉकअप, माउंटिंग, बुश, लिंक रॉडचे काकांनी फोनवर २६ हजार सांगितले आहेत मजुरीसह. ब्रेक आणि ऑइल ८ हजार. एकूण ५ लाख २९ हजार. उरलेले ७१ हजार बँकेतच ठेवतोय, सायलेन्सरसाठी नाही.

टायर काल पुण्यात बदलले आणि संध्याकाळी पाऊस आला. मुद्दाम पानशेतच्या रस्त्याने हळूच एक चक्कर मारली. जुन्या टायरवर इस्लामपूरहून येताना ओल्या वळणावर गाडी बाहेर सरकू बघायची, पोटात गोळा यायचा. काल त्याच वेगाने त्याहून आवळलेल्या वळणावर ती आत वळली आणि तिथेच राहिली. इतका फरक पडेल असे वाटले नव्हते. खडखड अजून आहे.

काका, शनिवारी कोल्हापूरला येतोय, सकाळी नऊपर्यंत पोचेन. जुने टायर पुण्यात देऊन टाकले. येताना आणखी काही आणू का?

पाना-पक्कड:

शनिवारी ये, रॅम्प तुझ्यासाठी मोकळा ठेवतो. नऊला नको, आठला ये, गाडी थोडी निवली की मग एक्झॉस्टजवळचे बोल्ट सोडता येतात. ती पिवळी फाइल आण, शॉकअप याआधी कधी बदललेत का ते मला त्यात बघायचे आहे. आणि आईबाबांना घेऊन येणार असशील तर काम चार-पाच तास चालेल, त्यांना तोवर अंबाबाईचे दर्शन करून येऊ दे.